ठाकोरमास्तरांची चिमटी

कापड उकळणाऱ्या जेट मशीनमधून काढलेली ओली पट्टी ठाकोरमास्तरांनी चिमटीत धरली, डोळे मिटले आणि देवळातल्यासारखा चेहरा केला. पट्टीतून वाफा निघत होत्या.

"बावीस टक्के वजन उतरलंय, काका," काट्याशी उभी असलेली केमिस्ट कृपाली म्हणाली. "बस झालं. कॉस्टिक सोडा धुऊन टाकू."

"तुझ्या काट्याला चामडी आहे काय गं?"

मशीनवरचे दोघे हसले. सुरतेच्या पांडेसरातल्या या मिलमध्ये तीस वर्षं असंच चालत आलं होतं. कॉस्टिकनं पॉलिएस्टरचा धागा किती खायचा, हे मास्तरांचा अंगठा ठरवी. कमी खाल्लं तर ताडपत्री, बेताचं खाल्लं तर रेशीम. जास्त खाल्लं तर काय, हे मास्तरांच्या राज्यात कोणी पाहिलं नव्हतं.

मात्र धाग्याबरोबर कॉस्टिकनं बोटंही थोडी थोडी खाल्ली होती. दिवाळीपासून चिमटीला काही लागतच नव्हतं. कापड, पापड, बायकोचा हात, सगळं एकच. हे फक्त मास्तरांना ठाऊक होतं. चिमटी गेली की खुर्ची गेली, हेही.

"अजून खरखरीत आहे," ते म्हणाले. काट्याच्या होला हो म्हणणारा मास्तर मिल कशाला पोसेल? "आठ मिनिटं चालू दे."

तो कापडाचा ताका धुऊन, सुकून आला तेव्हा मिलमालक किरीटशेठनी तो गालाला लावला.

"अरे, लोणी! ठाकोरभाई, हात आहे की जादू? कृपालीबेन, लग्नसराईचे तीनशे ताके उरलेत, सगळे असेच काढा."

कृपालीनं कडेची पट्टी कापून हलकेच ताणली. तुटली. आवाजही झाला नाही.

"शेठ, कापडात ताकद..."

"ताकद पैलवानाला लागते. आणि मास्तर उभे आहेत ना?"

मास्तरांनी घसा खाकरला. म्हणायचं एवढंच होतं, की शेठ, माझी बोटं मेलीत.

"बोला, ठाकोरभाई."

"चा सांगू का?"

"सांगा. बेन, फळ्यावर लिहा, आठ मिनिटं जादा. उगाच यांना दर वेळी वाफेत उभं करू नका, घरी आराम करू द्या. आणि वर नाव घाला, ठाकोरमास्तरांची रीत. मान त्यांचा."

खडू धरून कृपाली मास्तरांकडे बघत राहिली.

"काका, नाव घालू?"

शेठही बघत होते, कौतुकानं.

"घाल," मास्तर म्हणाले. "अक्षर मोठं काढ."