गोणीसह वीस किलो चारशे

थांबा, आधी पाय काढा माझ्यावरून! मी जुन्या जालन्यातल्या कमरोद्दीनशेठच्या धान्य दुकानातला काटा बोलून राह्यलो. अकरा वर्षं ज्वारी, तूर, सोयाबीन मोजतोय. येता-जाता लोक माझ्यावर उभे राहून स्वतःचं वजन बघतात आणि आकडा आवडला न्हाई की मलाच खोटं ठरवतात.

शेठ माणूस सरळ. पोतं कुणाचंही असो, आधी बारदानाचं, म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन वजा करणार, मंगच आकडा लिहिणार. पण एकदा हेच शेठ चुकले, आणि ते मला अजून खुपतं.

गेल्या वर्षी भर दुपारी पोलीस आले. टेम्पोत गांजा सापडलाय, काटा घेऊन चला म्हणाले. शेठ मला घेऊन बायपासवर गेले. आष्टीचा ड्रायव्हर सोमेश्वर रस्त्याच्या कडेला बसलेला. भाड्याने मक्याची तीस पोती घेऊन निघाला होता, त्यातलं एक गांजाचं निघालं. पोतं शिवलेलं होतं, मला काय ठाऊक, एवढंच तो सांगत होता. खरं काय ते मला कळत न्हाई. मी वजन सांगतो, मन न्हाई.

गोणी तशीच माझ्यावर ठेवली. वीस किलो चारशे ग्रॅम. शेठचे ओठ हलले. पण पोलिसांच्या कामात कशाला तोंड घालायचं, म्हणून ते गप राहिले आणि पंचनाम्यावर सही करून परतले.

गांजा वीस किलोच्या वर गेला की जामिनाचं दार जवळपास बंद, हे मला नंतर कळलं. मंग कोर्टाला आधी पटावं लागतं की हा माणूस दोषी वाटत न्हाई आणि सुटल्यावर असं काही करणार न्हाई. तुरुंगात बसून हे पटवायचं कसं? वीसच्या आत असला तर एवढं कडक न्हाई. सोमेश्वरचा पहिला अर्ज फेटाळला गेला. तो आत असतानाच त्याला मुलगी झाली.

तो आत गेल्याच्या आठव्या महिन्यात त्याची बायको दीपमाला दुकानात आली. पंचनाम्यात 'गोणीसह' असं लिहिलंय, हे वकील अरुंधतीताईंनी तिला दाखवलं होतं. तिनं तसलीच रिकामी गोणी माझ्यावर ठेवायला लावली. नऊशे ग्रॅम! म्हणजे माल साडेएकोणीस किलोच. बाई रडली न्हाई, नुसती आकड्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी न्यायाधीशांनी पंचनामा नीट वाचला. गोणीचं वेगळं वजन कुठंच न्हाई, तेव्हा माल वीसच्या वर होता असं आज धरता येत न्हाई, म्हणाले. आधीचा गुन्हा न्हाई, तपासही संपलेला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची, या अटीवर जामीन दिला. खटला अजून उभाच आहे.

परवा सोमेश्वर दुकानात आला. शेठनी स्वतःची खुर्ची त्याला दिली.

"मी तवाच बोलायला पायजे होतं, बेटा," ते म्हणाले.

सोमेश्वर म्हणाला, "पोरगी मला बघून रडती, शेठ. वळखत न्हाई. आता साक्षीला बोलावतील तुम्हाला. तवा तरी बोला."



माझं काय, जे ठेवाल तेवढंच मी सांगतो. आधी गोणी काढा, असं मला म्हणता येत न्हाई. तुम्हाला येतं. म्हणून एवढंच मागणं, समोर चूक दिसली तर तिथल्या तिथं बोला. इतक्या महिन्यांनी बोललेलं त्या पोरीच्या काय कामाचं?