मोतीलालचा आत्मा आणि पाच खाचांची कळ

किरनापुरातल्या राइस मिलमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या गुरुवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. वारासिवनीहून बस भरून माणसं आली होती, मलाजखंडच्या खाणीवरचे ठेकेदार गाड्या लावायला सावली शोधत होते, आणि आपल्या चपला परत मिळतील ही आशा दारातच सोडून लोक आत घुसत होते. समोर मोठा लाकडी तख्तपोस, त्यावर लाल गादी आणि गादीवर स्टँडला टेकवलेली एक इलेक्ट्रिक गिटार, गळ्यात झेंडूचा जाडजूड हार घातलेली. शेजारी डोळे मिटून स्वरानंद महाराज बसलेले. उजवा हात गोमुखीच्या पिशवीत, जप चालू.

गिटारीला कुणी बोटही लावलं नव्हतं. तरी तिच्या वायरीला जोडलेल्या स्पीकरमध्ये खरखर झाली आणि मेलेला माणूस बोलला.

"मैना, मी अथीच आहो. घाबरू नको."

शेडभर हुंदका फुटला. पुढच्या रांगेतल्या मैनाबाईने पदर तोंडात कोंबला. तिच्याशेजारी बसलेल्या मंजुषाच्या, तिच्या लेकीच्या, अंगावर सर्रकन काटा आला. मंजुषा वारासिवनीच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायची. पण काटा काही पदवी विचारून येत नाही. आवाज बाबूजींचाच होता.

बाबूजी म्हणजे मोतीलाल आर्केस्ट्रावाले. वरातीत ट्रॉलीवर उभं राहून ते गिटार वाजवू लागले की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायचा आणि घोडाही मागे राहायचा नाही. गेल्या साली ते वारले. त्यांची गिटार मैनाबाईने विश्वासाने चैतरामच्या हवाली केली. चैतराम त्यांचा ढोलकवाला. दोन गाण्यांच्या मध्ये पुढाऱ्यांच्या, कोंबड्यांच्या, झालंच तर खुद्द मोतीलालच्या नकला करून हशा पिकवणारा. गिटार घरी नेली आणि सहा-आठ महिन्यांत चैतरामची दाढी वाढली, कफनी आली आणि त्याचा स्वरानंद महाराज झाला. ढोलक कुठे गेली ते कुणी विचारलं नाही.

"आत्मा म्हणजे क्या?" महाराजांनी डोळे उघडून सवाल टाकला. "आत्मा म्हणजे फ्रिक्वेन्सी! शरीर हे सिमकार्ड. सिम जळालं, नंबर थोडीच मरते? ज्याची श्रद्धा पक्की, त्याले फुल टावर. आन् जो शंका घेईल, त्याचं नेटवर्क गुल! बोलो स्वरब्रह्म की..."

"जय!" पत्रे हादरले.

मंजुषा हसली असती. पण तिला हसू येत नव्हतं. आदल्या दिवशी आईच्या शेजारच्या तुळसाबाईचा फोन आला होता. "मंजू, तुया मायनं सुई बंद केली वं. गिटारीतून तुये बाबूजी सांगते म्हणते. पायाच्या अंगठ्याले जखम झाली, लंगडून राह्यली." मंजुषा धावत आली. फ्रिजमध्ये इन्सुलिनची पेटी न फोडता तशीच पडलेली. त्याशेजारी गिटारीसमोर ठेवून 'सिद्ध' केलेल्या पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या. ती आईशी भांडली, रडली. मैनाबाई एकच बोलली, "तुया शाळेतल्या पुस्तकात तुया बाप बोलते का? मले बोलते."

यावर कोणतं पुस्तक काढणार? म्हणून मंजुषा मुकाट्याने सोबत आली होती. तुळसाबाईही आली होती.

स्पीकर पुन्हा खरखरला. "मैना, सुई टोचू नको. सुईनं रक्त विटाळते. हे पाणी घे..."

मंजुषाचे डोळे भरून आले होते, ते एकदम कोरडे झाले. तिला शब्दांआधी ती खरखर खटकली. डोक्यावर ओळीने ट्यूबलाइटी लोंबत होत्या आणि स्पीकर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंघावत होता. बाबूजींनी हा घोंघाट कधीच खपवून घेतला नसता. लग्नाच्या मंडपात जनरेटर आणि ट्यूबलाइटींच्या भुणभुणीने ते एवढे वैतागायचे, की एका उन्हाळ्यात त्यांनी गिटारीचं पोट उघडून सगळी वायरिंग नव्याने केली होती. मंजुषा तेव्हा नववीत होती. कथील वितळवायला तीच बसायची आणि कुठली वायर कुठे जाते ते विचारून विचारून त्यांचं डोकं खायची. ट्यूबलाइटीखाली गिटारीवरची पाच खाचांची कळ दुसऱ्या खाचेवर ठेवायची, ही बाबूजींची सवय तिला तोंडपाठ होती. झेंडूच्या हाराआड तिने नीट पाहिलं. कळ पहिल्या खाचेवर होती.

ती उठली. "महाराज, बाबूजीचा हार नीट करू का?"

"ये बेटी, ये! लेकीचा पयला हक!"

मंजुषा तख्तपोसावर चढली. हार सरळ करायचं निमित्त केलं आणि कळ एक खाच पुढे सरकवली.

"...मैना, डॉक्टर लुटून राह्य..." आवाज मध्येच गेला. घोंघाटही गेला. दूर कुठे डास गुणगुणावा इतकंच काही उरलं.

लोक चपापले. महाराज सावध झाले. "आत्मा रुसला! काहून हात लावला वं?"

मंजुषाने कळ मागे ओढली. "...ची औषधं नालीत फेक..."

पुन्हा पुढे. चूप. पुन्हा मागे. "...मैना..." पुढे. चूप.

मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, मोतीलालभाऊ तर बटनावर चालते!" आणि शेडमध्ये पहिल्यांदा हशा उठला.

"गिटार बिघडवली हिनं! पाप लागन!" महाराज गरजले.

"बिघडली का? पाहू." मंजुषाने कळ दुसऱ्या खाचेवरच ठेवली आणि तारांवरून अंगठा फिरवला. झण्णकन सूर उमटला, स्वच्छ आणि खणखणीत. "गिटार ठणठणीत हाये. तारा बोलतात. फक्त बाबूजीच बोलत नाहीत. असं कसं?"

ती लोकांकडे वळली आणि वर्गात बोलावं तशी बोलू लागली. "या तारांखाली या पट्ट्या दिसतात ना, यायले पिकअप म्हणतात. लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते आणि स्पीकर वाजतो. पण वेढ्यांना तार कळत नाही आणि भूतही कळत नाही. चुंबकाचा जोर हलला की ते बोलणार, मग तो तार हलवो, ट्यूबलाइट हलवो नाहीतर महाराज. पहिल्या खाचेवर एकच पिकअप चालतो. दुसऱ्या खाचेवर दोन. त्यातल्या एकाचे वेढे आणि चुंबक बाबूजींनी मुद्दाम उलटे ठेवलेत. बाहेरून आलेला आवाज दोघांत एकमेकांविरुद्ध येतो. समजा, दरवाजा दोन्हीकडून दोघांनी सारखाच ढकलला. हलणार का?"

"नाही," पुढच्या रांगेतून उत्तर आलं.

"तसाच तो आवाज मरतो. पण तारेचा सूर दोघांत एकाच बाजूने येतो, म्हणून तो राहतो. आता सांगा, बाबूजी गिटारीत असते तर दुसऱ्या खाचेवर गप्प झाले असते का? हा आवाज गिटारीतला नाही. बाहेरून येऊन राह्यला."

"कुठून?" तुळसाबाई उभी राहिली.

मंजुषाने कळ मागे घेतली, गिटार उचलली आणि वायरीसकट तख्तपोसाखाली उतरली. मोतीलालचा आवाज बारीक होत गेला. ती परत चढली, आवाज वाढला. गिटार गादीवर आडवी धरली तर मोतीलाल बोंबलायलाच लागला; महाराजांचा हात गोमुखीत धडपडत होता, तरी थांबेना. तुळसाबाईला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने पदर खोचला आणि महाराजांसकट गादी ओढली. महाराज गडगडले आणि आवाज बंद पडला. गादीखाली तख्तपोसाच्या कडेकडेने तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं, घरच्या पंख्याच्या मोटारीत असतं तसंच, फक्त खाटेएवढं मोठं. त्याची टोकं खाली लपवलेल्या छोट्या ॲम्प्लिफायरला जोडलेली.

पडताना गोमुखी सुटली होती. तुळसाबाईने ती उलटी केली. माळेऐवजी मोबाइल बाहेर पडला. "यावरच जप करत होता का रे?" तिने स्क्रीनवर बोट दाबलं, आणि तख्तपोस, तार, गिटार असा फेरा करून स्पीकरमधून आवाज आला, "मैना, मी अथीच आहो."

आता कुणी हसलं नाही. मैनाबाई उठली होती.

लंगडत ती तख्तपोसापाशी आली. "चैतराम, हा त्यायचा आवाज व्हय का?"

चैतरामची नजर वर होईना. "वयनी... लोकायले समाधान भेटते. तुमालेबी भेटलं."

"हौ. भेटलं." मैनाबाई म्हणाली. "पर बोलत तू होता ना? नकला करे तशी?"

त्याने मान हलवली.

"मंग आता सगळ्यायसमोर कर. तुया तोंडानं. त्यायच्या आवाजात म्हण, मैना, सुई घे."

चैतरामने हात जोडले. "वयनी, जाऊ द्या ना."

"म्हण!"

त्याने ओठ ओले केले आणि दाढीतून मोतीलालचा आवाज निघाला, हुबेहूब, "मैना, सुई घे." सगळ्यांनी त्याचे हलणारे ओठ पाहिले. मैनाबाई डोळे मिटून ऐकत होती. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि लेकीचा हात धरला. "चाल, मंजू. दवाखाना उघडा असन अजून."

मंजुषा निघाली, पण दारात थांबली. लोक जागचे हलले नव्हते. कुणाकुणाच्या हातात अजून पाण्याच्या बाटल्या होत्या.

"तुम्हाला वेड्यात काढायला मी बोलत नाही," ती म्हणाली. "आवाज ऐकून मलाही रडू आलं. आपलं माणूस परत यावं असं कुणाला वाटत नाही? पण तिथंच आपण विचारायचं विसरतो. आवाज ओळखीचा आहे म्हणून सांगणं खरं ठरत नाही. माझे बाबूजी खरोखर वरून उतरले आणि म्हणाले, सुई सोड, तरी मी विचारीन, काहून? आणि उत्तर पटलं नाही तर ऐकणार नाही. तुमची औषधं ज्यानं बंद करायला लावली, त्याला आज एवढंच विचारा. काहून?"

एक म्हातारा पुढे आला. त्याने हातातली बाटली चैतरामच्या मांडीवर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "काहून रे?"

त्याच्यामागे रांग लागू लागली.