चाळीस पेट्या कागद

रसायनशास्त्र विभागात काहीही संपलं की ताईंना सांगायचं, असा शिरस्ता होता. टेस्ट ट्यूबा संपल्या, ताईंना सांगा. नळाची तोटी गळतेय, ताईंना सांगा. ताई फोन उचलायच्या, दुकानदाराला आधी मागच्या मालावरून झापायच्या आणि मग नव्या मालाची यादी सांगायच्या. दुकानदार मुकाट्याने झापून घ्यायचे आणि माल संध्याकाळच्या आत पोचवायचे. कागदोपत्री ताई साध्या प्रयोगशाळा साहाय्यक होत्या, पण आपल्यावाचून विभागाचं पान हलत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. ती फारशी चुकीचीही नव्हती.

मग विद्यापीठाने खरेदीचं पोर्टल आणलं. आता फोनबिन काही नाही. हवी ती वस्तू संगणकावर शोधायची, कार्टमध्ये टाकायची आणि पुढे पाठवायची. दुसऱ्याने ती यादी पडताळायची, विभागप्रमुखांनी मंजूर करायची, की माल दारात हजर. त्यासाठी प्रत्येक विभागाने एक खरेदीदार आणि एक पडताळणी करणारा अशी दोन नावं द्यायची होती. ताई प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. खरेदीदार कोण होणार, हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता.

विभागप्रमुख मॅडमनी नावं लावली. खरेदीदार भिंगरी, पडताळणीला ताई.

भिंगरी ही ताईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. एका जागी बूड ठरत नाही म्हणून लहानपणी पडलेलं नाव तिला नोकरीतही चिकटलं होतं. वर्षभरापूर्वी ताईंनीच मॅडमकडे शब्द टाकून तिला विभागाच्या ऑफिसात लावली, राहायला आपल्याच घरी आणली, स्वतःच्या डब्याबरोबर तिचा डबा भरला. आणि आता ती मागवणार आणि मावशीने मागून टिक करत बसायचं!

"अगं, पण तपासणारा म्हणजे वरचाच झाला की," नवरा वाटाणे सोलता सोलता म्हणाला. "ती मागणार, तू हो म्हणणार."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? पाहुण्यांना वाढणारी वेगळी आणि मागून भांडी मोजणारी वेगळी."

"भाची आहे तुझी. परकी का आहे?"

"परकी असती तर बरं झालं असतं!" ताई म्हणाल्या. वाटाणे त्यांनी त्याच्या हातातून ओढून घेतले आणि स्वतः सोलायला बसल्या, कारण त्याही कामात तो धड नव्हता.

परकी असती तर ताईंना उघड भांडता आलं असतं, खरी अडचण ती होती. भाचीवर जळायची सोय नसते. तिचं कौतुक झालं की आपणही हसायचं असतं, आणि हसून हसून ताईंचे गाल दुखायला लागले होते. पूर्वी मॅडम चहाचा कप घेऊन ताईंच्या टेबलापाशी यायच्या. आता तो कप भिंगरीच्या टेबलावर दिसायचा, आणि दोघी स्क्रीनमध्ये डोकं घालून कशालातरी खिदळत असायच्या. ज्या प्राध्यापकांना स्वतःचा पासवर्ड आठवत नसे, ते सगळे "भिंगरी, जरा बघतेस का?" करत तिच्याभोवती घुटमळायचे. काचसामानवाला एकदा ताईंना रस्त्यात भेटला. इतक्या वर्षांची ओळख, तर निदान धंद्याचं रडगाणं तरी गाईल. तर तो म्हणतो, "ताई, तुमची भाची किती गोड बोलते हो! मेलसुद्धा गोड लिहिते." ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी बहिणीचा फोन यायचा. "ताई, मॅडम म्हणाल्या म्हणे, भिंगरी नसती तर आमचं काय झालं असतं!"

"हो का? ठेवते गं, गॅसवर दूध आहे."

गॅसवर दूध नव्हतं. उतू जात होतं ते दुसरंच काहीतरी.

सत्र सुरू व्हायच्या आधी प्रयोगशाळेसाठी हात पुसायच्या कागदाचे रोल मागवायचे होते. दर सत्राला चाळीस लागायचे. भिंगरीची यादी ताईंच्या स्क्रीनवर आली. नेहमीप्रमाणे ताई एकेक ओळ वाचत खाली आल्या आणि कागदाच्या ओळीवर थांबल्या. संख्या चाळीस, ते बरोबर. पण पुढच्या रकान्यात 'नग' निवडायचं सोडून भिंगरीने 'पेटी' निवडलं होतं. एका पेटीत चोवीस रोल.

'परत पाठवा' हे बटण ताईंच्या आवडीचं होतं. ते दाबलं की शेरा लिहायला जागा मिळे, आणि ताईंचे शेरे विभागात प्रसिद्ध होते. आताही त्यांचा हात तिकडेच गेला. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून मॅडमचं हसू ऐकू आलं. पाठोपाठ मॅडम म्हणाल्या, "भिंगरी, तू म्हणजे ना, सोनं आहेस सोनं!"

ताई इथे जन्म काढून बसल्या होत्या. त्यांना कुणी पितळसुद्धा म्हटलं नव्हतं.

त्यांनी त्या ओळीपुढे टिक केली आणि यादी पुढे पाठवली. कळू दे, म्हणाल्या मनात. सोनं किती कॅरेटचं आहे ते सगळ्यांना कळू दे. त्या दिवशीचा चहा त्यांना फार दिवसांनी गोड लागला.

दोन दिवसांनी ट्रक आला. हमाल पेट्या उतरवत राहिले आणि विभागाचा बोळ भरत गेला. आधी नोटीस बोर्ड दिसेनासा झाला, मग पाण्याचा फिल्टर, मग एका प्राध्यापकांच्या खोलीचं दार. ते आत अडकले आणि आतूनच "अहो, कुणी आहे का?" असं ओरडू लागले. भिंगरी पांढरीफटक पडली.

"मावशी, अगं हे काय?"

"मला काय विचारतेस? तूच मागवलंयस."

भिंगरीने पुरवठादाराला फोन लावला. तो परत घ्यायला तयार नव्हता. मागवणारी, तपासणारी आणि मंजूर करणारी अशा तिघींची संमती आहे, मग चूक कशी म्हणता, असं त्याचं म्हणणं. विभागाचे सहा महिन्यांच्या किरकोळ खर्चाचे पैसे कागदात गेले होते. ताई प्रयोगशाळेच्या दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मॅडम जिन्यावरून येत होत्या. आता बोळात जो आवाज चढेल, तो ऐकायला ताईंचे कान आसुसले होते.

मॅडमनी पेट्यांकडे पाहिलं. भिंगरीकडे पाहिलं. मग समोरच्या पेटीवर बसकण मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटल्या. आधीच रडत असलेली भिंगरी रडता रडता हसायला लागली. अडकलेले प्राध्यापक बाहेर आले, तेही हसले. हसलं नाही असं एकच माणूस तिथे होतं.

पुढचं तर ताईंना बघवेना. पोर्टलवरच एका विभागाचा माल दुसऱ्या विभागाला मूळ किमतीत देण्याची सोय होती. ती भिंगरीने शोधून काढली आणि सगळ्या विद्यापीठाला कळवलं. ग्रंथालयाची माणसं ढकलगाडी घेऊन आली, मग क्रीडा विभागाची, मग वसतिगृहांची. जो येई तो विचारी, "ती कागदवाली मुलगी कोण हो?" आणि तिच्याशी दोन शब्द बोलून जाई. विभागाचे पैसे जवळजवळ सगळे परत आले. ताईंनी खड्डा खणला खरा, पण त्यातून भिंगरी हार घालून वर आली. विद्यापीठात आता तिला न ओळखणारं कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ताईंना बोलावलं.

"बसा ताई. भिंगरी येऊन गेली. म्हणाली, चूक तिची एकटीची आहे. तुम्ही कामात होतात, तिनेच मागे लागून घाई केली, म्हणून तुम्ही न वाचता टिक केलीत. असंच झालं ना?"

असं काहीच झालं नव्हतं. पोरगी मॅडमच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलली होती, आणि तेही मावशीसाठी. ताईंनी नुसती मान हलवली असती तरी सगळं मिटलं असतं. पण मॅडम ज्या सांभाळून घेणाऱ्या नजरेने बघत होत्या, ती ताईंना सहन होईना. म्हातारी झाली बिचारी, दिसत नाही तिला, अशी ती नजर होती. त्यात वर भिंगरीने वाचवायचं? भिंगरीने? आणि न वाचता म्हणजे काय? दुधाची पिशवीसुद्धा ताईंनी कधी तारीख वाचल्याशिवाय घेतली नव्हती.

"मी न वाचता टिक करत नाही, मॅडम," ताई ताडकन म्हणाल्या. "पेटी लिहिलेलं मी बघितलं होतं."

"बघितलं होतं?"

"हो."

"मग?"

"फारच कौतुक चाललं होतं तिचं," ताई कशाबशा म्हणाल्या. मनात इतके दिवस घोळवलेलं हे वाक्य बाहेर पडल्यावर अगदीच एवढंसं वाटलं.

मॅडम चिडल्या असत्या तर ताईंना ते झेपलं असतं. त्या चिडल्या नाहीत.

"मागवायचं काम कुणालाही शिकवता येतं, म्हणून ते तिला दिलं," त्या म्हणाल्या. "तपासायला कोण, याचा मला विचारही करावा लागला नाही. तुमची टिक दिसली की मी यादी उघडतसुद्धा नव्हते, ताई. सरळ मंजूर करत होते. ही पण तशीच केली."

"मॅडम, पुन्हा असं..."

"नाही होणार. माहीत आहे मला."

मॅडमच्या स्क्रीनवर नवी यादी मंजुरीसाठी येऊन थांबली होती. ताईंनी ती सकाळीच तपासली होती, दोनदा तपासली होती, आणि तिच्यात एक काना इकडचा तिकडे नव्हता. मॅडमनी खण उघडून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला, यादी उघडली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"फिल्टर पेपर," त्या हळू आवाजात वाचू लागल्या. "शंभर. नग."

सगळं बरोबर आहे, असं ताईंना सांगायचं होतं. मॅडमचं बोट दुसऱ्या ओळीवर गेलं.