ज्या नळावर वनमाला शिकवायला शिकली

मित्रांनो, संगणक नावाचं यंत्र आपल्या उपनगरांत नवं नवं आलं, तेव्हा त्याच्या पोटात नेमकं काय चालतं हे विद्यार्थ्यांना उलगडून सांगणारे जे मोजके थोर गुरुजन होऊन गेले, त्यांच्यात माझं स्थान बरंच वरचं आहे. वरचं म्हणजे जमिनीपासून कमरेएवढं. त्याहून वर मला प्लंबरने बसवलंच नाही.

मी एक जुना पितळी नळ आहे. मुलुंडला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका चाळीत, अंगणाच्या कोपऱ्यात मी उभा आहे. माझ्यासमोर आजकाल एक मांजर बसलेलं असतं. ते नियमित येतं, पण विषयात त्याला गोडी दिसत नाही.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, निवल्यावर कानशीने घासलं, की झालो मी. दुकानात माझ्या शेजारी एक चकचकीत शॉवर होता. आपण बंगल्यात जाणार, असं तो सारखा सांगायचा. तो गेला आणि मी चाळीत आलो. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण शॉवरखाली माणसं एकेकटी उभी राहतात, आणि एकेकट्या माणसाकडून नळाला काहीच ऐकायला मिळत नाही.

मी बसलो त्या दिवशी सुंदराबाईंनी मला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. सुंदराबाई मूळच्या मालवणकडच्या. चाळीत त्यांना कुणी कुठलं पद दिलं नव्हतं, त्यामुळे ते कुणाला काढूनही घेता येत नव्हतं. रांगेचा कारभार त्यांचा. पहाटे माणसं अंथरुणात आणि भांडी रांगेत, अशी आमची पद्धत होती. कळशी, रॉकेलचा रिकामा डबा, कानतुटकी बादली, ज्याचं जे असेल ते नंबराला. एकदा कुणीतरी नुसती चप्पल ठेवून गेला. सुंदराबाईंनी चपलेला नंबर नाकारला आणि चप्पलही परत केली नाही. ज्या घरात बाळंतीण असेल, त्या घराला मात्र त्या आधी सोडत. आणि चार जणांनी ढकलून मागे गेलेलं एखादं गरीब भांडं दिसलं, की त्याला उचलून पुढे आणत.

त्या रांगेत एक मुलगी हातात पुस्तक घेऊन उभी असे. तिचं नाव वनमाला. फ्रॉक होता तेव्हाही पुस्तक होतं, साडी आली तेव्हाही पुस्तक होतं. नंबर आला तरी तिचं लक्ष नसायचं. मग शेजारच्या खोलीतल्या रुक्मिणीवहिनी तिची कळशी स्वतःच माझ्याखाली सरकवायच्या आणि म्हणायच्या, "वाच तू. पाणी काय, मी भरते." तिचे वडील धोंडूकाका गिरणीत होते. संपानंतर गिरणी बंद राहिली आणि ते घरी बसले. वनमाला तोवर पार्ल्याच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झाली होती. तिला नोकरी लागली आणि घर तिच्या पगारावर आलं.

नोकरी अंधेरीला. तिथे स्टेशनसमोर शिवदास सरांचा टायपिंगचा क्लास होता. एके दिवशी त्यांनी पाटीवरचं 'टायपिंग' खोडून 'कॉम्प्युटर' रंगवून घेतलं. एक कॉम्प्युटर आणला, त्याला काचेची खोली केली, खोलीला एसी लावला आणि मुलांना बाहेर बाकांवर बसवलं. चपला काढून आत जायचं, लांबून बघायचं, हात लावायचा नाही. देवळात निदान प्रसाद तरी मिळतो. त्या कोर्सात 'ऑपरेटिंग सिस्टिम' नावाचा एक विषय होता आणि तो घ्यायला कुणीच तयार नव्हतं. शिवदास सर म्हणाले, विषय नवीन आहे, नवीन माणसानेच घ्यावा. वनमालाने घेतला.

हे सगळं मला ठाऊक कसं? तर ती रांगेत उभी राहून उद्याचा धडा माझ्यासमोर म्हणायची. संगणकाला मेंदू एकच असतो आणि कामं मात्र पुष्कळ. कुणाला आधी घ्यायचं, किती वेळ द्यायचा, मधेच थांबवलेल्याला पुन्हा कधी बोलवायचं, आणि दोघांनी एकच वस्तू मागितली तर काय करायचं, हे सारं ठरवणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थबकलो. माझी धार बारीक झाली आणि मागून कुणीतरी महापालिकेला शिव्या दिल्या. मी थबकलो, कारण ती माझंच चरित्र सांगत होती. फक्त तिला ते ठाऊक नव्हतं.

वर्गात ती पुस्तक वाचून दाखवायची आणि मुलं लिहून घ्यायची. मुलं काहीही लिहून घेतात. कळत कुणालाच नव्हतं. वनमालाची नोकरी कच्ची होती. शिवदास सरांनी एकदा तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की दिवाळीनंतर मी स्वतः मुलांना प्रश्न विचारीन, उत्तरं आली तर तुम्हाला कायम करू, नाही आली तर दुसरे सर बघू. त्या आठवड्यात ती माझ्यासमोर धडा म्हणेना. नुसतीच उभी राही. कळशी भरून वाहत असली तरी तिला कळत नसे.

आणि मग ते भांडण झालं.

सुंदराबाईंना पिंप भरायचं होतं आणि रुक्मिणीवहिनींनाही पिंपच भरायचं होतं. पिंप माझ्याखाली मावत नाही, त्याला रबरी नळी जोडावी लागते. चाळीत नळी एकच. त्या दिवशी नंबर सुंदराबाईंचा होता आणि नळी रुक्मिणीवहिनींच्या हातात होती. सुंदराबाई म्हणाल्या, आधी नळी दे. वहिनी म्हणाल्या, आधी नंबर द्या. एकीने माझी मान धरली, दुसरीने नळी छातीशी धरली, आणि दोघींनी एकमेकींच्या माहेराबद्दल फार मोलाची माहिती चाळीला दिली. मागची सगळी रांग खोळंबली. बोलता बोलता पाणी गेलं. दोन्ही पिंपं कोरडी.

वनमाला खो खो हसायला लागली. दोघींनी भांडण तिथेच टाकलं आणि तिच्याकडे रागाने पाहिलं.

"हसतंस काय गो?" सुंदराबाई म्हणाल्या.

"मावशी, डेडलॉक. अख्खा डेडलॉक झाला," वनमाला म्हणाली, आणि रिकामी कळशी घेऊन घरात पळाली.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात पुस्तक उघडलंच नाही. नळ सांगितला, नळी सांगितली, दोघींची नावं बदलून भांडण सांगितलं. प्रत्येकीकडे एक वस्तू आहे, दुसरीची हवी आहे, हातातली सोडायची नाही आणि ओढून घेणारं कुणी नाही. चारही गोष्टी एकदम जमल्या, की काम कायमचं अडतं, त्यालाच डेडलॉक म्हणतात. मुलं प्रथमच पेन खाली ठेवून ऐकत होती. पण मथुरा नावाची एक मुलगी होती, वेसाव्याची, आई मासळीबाजारात बसणारी. ती म्हणाली, मॅडम, हे काय पटत नाही, आमच्या कोळीवाड्यात दोघी अशा अडल्या तर तिसरी येईल आणि नळी हिसकावून चालती होईल. वनमाला म्हणाली, तोही उपाय पुस्तकात आहे. मथुरा म्हणाली, मग तुमच्या नळावर नेऊन दाखवा. शिवदास सर दारात उभे होते. ते म्हणाले, चला, मीही येतो, प्रश्न तिथेच विचारतो.

मित्रांनो, त्या शनिवारी वनमाला दारोदार फिरली. तिचं एकच मागणं होतं. उद्या पाहुणे येतील, तुम्ही नेहमीसारखं वागा. भांडण झालं तर होऊ द्या, माझी नोकरी आहे त्याच्यावर. सुंदराबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"परक्यांसमोर? आमका काय वळण नाय?"

रविवारी मुलं आली. शिवदास सर सफारी घालून आले. आणि आमच्या चाळीने जे केलं, ते तिने त्याआधी कधी केलं नव्हतं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. भांडी चिंचेने घासलेली. मलाही कुणीतरी पुसलं, मला गुदगुल्या झाल्या. पाणी आलं. पहिला नंबर सुंदराबाईंचा. त्यांनी घागर लावली आणि लगेच काढली.

"तू भर गो आधी. माका काय घाई नाय."

"छे छे, तुम्ही मोठ्या. तुम्ही भरा," रुक्मिणीवहिनी म्हणाल्या. त्यांनी आपली कळशी लावली आणि मान देऊन तीही काढली.

पुन्हा घागर लागली, निघाली. पुन्हा कळशी. पाणी सरळ गटारात चाललं होतं. इतकी सभ्यता मी कधी पाहिली नव्हती, पुन्हा पाहायची इच्छाही नाही. वनमालाचा चेहरा उतरला. शिवदास सरांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, यात कॉम्प्युटर कुठे आहे?"

धोंडूकाका खिडकीत उभे होते, ते आत गेले. तेव्हा मला वाटलं, आपल्याला तोंड आहे, पण त्यातून पाण्याशिवाय काही निघत नाही, हे फार वाईट आहे.

बोलली ती मथुरा.

"सर, पाणी चालू आहे, दोघी सारख्या हलतायत, आणि घागर एकीचीही भरत नाही. भांडून अडल्या काय, मान देऊन अडल्या काय, मशीन अडलंच ना?"

सर म्हणाले, बरं, उपाय काय? आता मुलांची जीभ सुटली. एक मुलगा म्हणाला, ज्यांचं काम लहान, त्यांना आधी सोडा, म्हणजे बरेच जण लवकर मोकळे होतील. हे ऐकताच अर्धी चाळ घरात धावली आणि तांब्या घेऊन आली. माझ्याखाली तांब्यांची झुंबड उडाली. एक काढायचा, दुसरा लावायचा, तेवढ्यात निम्मं पाणी खाली. आणि पिंपवाले मागेच. वनमाला पुढे झाली. तिचा आवाज आता वर्गातला नव्हता, माझ्यासमोर धडा म्हणायची तेव्हाचा होता. लहानांनाच आधी सोडलं तर मोठी कामं उपाशी मरतात, ती म्हणाली. तुकडे फारच बारीक केले तर सगळा वेळ भांडी बदलण्यातच जातो. म्हणून प्रत्येकाला एक घागर, ती भरली की रांगेच्या शेवटी. पिंप असलं तरी एकच घागर, उरलेलं पुढच्या फेरीला.

मुलांनी भांडी हातात घेतली आणि रांग फिरू लागली. कुणालाच पुरेसं मिळत नव्हतं आणि रिकामं कुणीच जात नव्हतं. शिवदास सर गंमत म्हणून बादली घेऊन मधेच घुसले. सुंदराबाईंनी त्यांना सफारीसकट शेवटी पाठवलं. तिथे उभं राहून ते म्हणाले, "डेडलॉक म्हणजे काय ते मला आज कळलं." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "म्हणजे, पुन्हा कळलं."

वनमाला कायम झाली. त्यानंतर दरवर्षी नवी मुलं माझ्याकडे येत राहिली. सरांनी जाहिरातीत 'प्रत्यक्ष अनुभवासह' असं घातलं. तो प्रत्यक्ष अनुभव म्हणजे मी. रविवारी ती माझ्या डोक्यावर हात ठेवून शिकवायची. पितळ उन्हात तापतं, पण हात ठेवल्यासारखं तापत नाही.

पण मित्रांनो, नोकरी कायम झाली की माणसाला कर्ज मिळतं, आणि कर्ज मिळालं की माणसाला बोरिवलीला ब्लॉक मिळतो. माझ्यामुळे तिची नोकरी टिकली, आणि नोकरी टिकली म्हणून ती गेली. टेंपोत सामान चढलं, धोंडूकाका पुढे बसले. तिची जुनी कळशी मात्र ती इथेच विसरली. ती अजून माझ्या पायाशी आहे. तिच्यात तुळस लावली आहे.

पुढे चाळीवर टाकी आली आणि प्रत्येक खोलीत नळ गेला. चांगलंच झालं. आता कुणी पहाटे भांडं ठेवत नाही. सुंदराबाई आणि रुक्मिणीवहिनी आपापल्या मोरीत, आपापली दारं लावून पाणी भरतात. त्यांना आता एकमेकींकडून काहीच नको असतं. गेल्या दिवाळीत तर त्यांची भेटही झाली नाही, असं ऐकतो. मला ती रांग हवी आहे. ती भांडणं हवी आहेत. मागून येणारा "सरक ना गं जरा" हवा आहे, आणि पुस्तकात नाक खुपसून उभी असलेली, जिच्या लक्षातच नाही की नंबर आला आहे, ती हवी आहे.

गणपतीत एकदा वनमाला आली होती. सुंदराबाईंना प्रसाद देऊन जाताना माझ्यापाशी थांबली. सवयीने माझी चावी फिरवली. पाण्याची वेळ नव्हती, नुसती हवा आली. तरी ती क्षणभर खाली वाकून बघत राहिली. मग तिने मला नीट बंद केलं. चाळीत मला इतकं नीट कुणीच बंद करत नाही.

सकाळी पाइपात पाणी चढतं तेव्हा मी अजून थेंब थेंब गळतो. चाळीतली पोरं म्हणतात, नळ रडतोय. एक आजोबा तर त्यावरून नातवंडांना जुन्या दिवसांबद्दल पुष्कळ काही सांगतात. मुलं गंभीर होऊन ऐकतात आणि मीही ऐकतो.

पण मित्रांनो, खरं सांगायचं तर मी रडत नाही. माझा वायसर गेला आहे. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कुणी त्या बाजूला जाणार असाल, तर एक आणा. अर्ध्या इंचाचा.