कलाकाराचा रकाना

माझा दादा डीजे आहे. त्याच्या लॅपटॉपमधल्या गाण्यांची चुकलेली नावं मी दुरुस्त करत होते. त्यातला एक प्रोग्रॅम गाणं ऐकून ओळखतो आणि इंटरनेटवरून खरं नाव आणून भरतो.

'बिननावाचं सात' हे गाणं माझं होतं. मी रचलेलं, फक्त दादाला ऐकवलेलं. चुकून त्यावरही बटण दाबलं. कुठेच प्रसिद्ध न झालेलं गाणं सापडणार कसं?

सापडलं.

कलाकार: दादा.
प्रसिद्धी: गेल्या वर्षी.

"अगं, घरातल्या घरात कसलं तुझं-माझं?" मी स्क्रीन दाखवल्यावर हेडफोन गळ्यात टाकत दादा म्हणाला.

"मग माझंच नाव टाकायचंस."

"वेडाबाई, तुला ओळखतं कोण?"

मी त्याचं नाव खोडून माझं लिहिलं. ते बदललं, पण फक्त त्या लॅपटॉपमध्ये.