शिंगाड्याच्या तळ्यावरची माशी

रामटेकजवळच्या शिंगाड्याच्या तळ्यावर मला ती माशी एकदाच सापडली होती. मधमाशीचं सोंग घेणारी, डोळ्यांवर ठिपके असलेली, हवेत एका जागी थांबणारी. पीएच.डी.चे माझे मार्गदर्शक सुमंत सर तिला वाट चुकलेली म्हणत. ही जात इथेच वाढते हे सिद्ध करायला तिच्या अळ्या हव्या होत्या. अळी चिखलपाण्यात राहते आणि लांब शेपटीने श्वास घेते. "या हंगामात अळी मिळाली नाही, तर या जातीच्या नकाशावरून नागपूर जिल्हा खोडायचा, मुग्धा," सरांनी बजावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच.

तळ्यात शिंगाडे लावतात पार्वतीबाई. मी आदल्या दिवशी फोन करून जायची, आणि दरवेळी किनारा लख्ख असायचा. त्या चहा पाजायच्या, मी चाळणीने गाळ उपसायची आणि हात हलवत परतायची.

त्या दिवशी सरांशी वाजलं आणि मी तडक रामटेकची बस पकडली. फोनबिन काही नाही.

मला बघून पार्वतीबाई ओशाळल्या. "अवं बाई, सांगून तं यायचं होतं! सारी घाण पडून राहिली. तुमी येता म्हटलं का मी आधीच किनारा साफ करून ठेवतो."

"काय साफ करता?"

"हे शिंगाड्याचे सडके वेल. तुमाले अशा वासात काहून बसवायचं?"

मी कपाळावर हात मारला. पाहुणचारापायी ही बाई अळ्यांना लागणारे कुजके वेल, म्हणजे माझ्या माशीचं घरच उचलून फेकत होती, आणि आगाऊ वर्दी मीच देत होते! हसावं की रडावं कळेना. तशीच ढिगाशी चिखलात बसले. काळ्या पाण्यात शेपट्या वळवळत होत्या, नुसता बुजबुजाट! मी बोंब ठोकली.

पार्वतीबाई धावत आल्या. "साप निंगाला का?"

"साप नाही, लेकरं आहेत माझी!"

परतताना बसमध्ये चिखलाची बादली मांडीवर घेतली. शेजारचे नाक दाबून उठले आणि मला अख्खा बाक मिळाला. राणीसारखी आले नागपूरला.

घरी बाल्कनीत अळ्यांचे कोष झाले. मग एका सकाळी बरणीच्या जाळीवर ठिपक्यांच्या डोळ्यांची माशी पंख सुकवत बसलेली दिसली. मी बरणी सरांच्या टेबलावर नेऊन आदळली. त्यांनी भिंग लावून डोळ्यांवरचे ठिपके तपासले. मग नकाशा ओढून रामटेकवर पेनाने ठिपका दिला, इतका जोरात की कागद फाटला.

"इथलीच आहे गं ही," ते म्हणाले.

मी तिथेच, सरांच्या केबिनमध्ये, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.