पावणीच्या मानाची गाडी

पाणंद प्रतिष्ठानात मदत मागायची तर तिचा रस्ता ठरलेला होता. आधी अर्ज, मग छाननी, मग समिती, मग समितीचा चहा आणि मग पुढच्या महिन्याची तारीख. पण एक निधी असा होता की त्याला यातलं काहीच लागायचं नाही. ज्याच्या हाती तो निधी, त्यानं गावात जायचं, बघायचं, चार माणसांशी बोलायचं आणि हो की नाही ते स्वतः ठरवायचं. कागदावर त्याचं नाव विवेकाधीन निधी. परशराम आप्पा मात्र त्याला सरळ ‘मनाचा निधी’ म्हणायचे.

आप्पा प्रतिष्ठानचे अध्यक्ष. मूळचे कंग्राळीचे शेतकरी, पुढं फाउंड्री काढली, ती धो धो चालली, आणि म्हातारपणी पैसा वाटायची हौस लागली. त्यांनी हा मनाचा निधी सुविधाच्या हाती दिला, तेव्हा बेळगावच्या कॅम्प भागातल्या ऑफिसात बऱ्याच भुवया वर गेल्या. सुविधा निपाणीची. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आणि लेक शिकून बेळगावात एवढ्या मोठ्या खुर्चीत बसलेली. एका ट्रस्टींनी तर विचारलंच, की समितीशिवाय एकटी बाई चुकली तर? आप्पा म्हणाले, समिती चुकते तेव्हा आपण काय करतो? चहाच पितो की.

तर त्या सुविधाची ही गोष्ट. तिनं पहिल्याच वर्षी घातलेल्या घोळाची.

जांबोटीच्या वर, रानात, कुंभेवाडी नावाची वाडी आहे. तिथं शाळा सातवीपर्यंत. आठवीला जांबोटीच्या हायस्कुलात यायचं तर जंगलातून लांब चालायचं, पावसाळ्यात अंधारून आलेल्या वाटेनं. बस वाडीपर्यंत येतच नाही. मुलगे कसेबसे जात. मुलींना मात्र सातवी झाली की घरीच बसवत. त्या वर्षी सातवी पास झालेल्या मुलींचा घोळका जरा मोठाच होता, आणि वाडीतल्या बायकांच्या गटानं यंदा चंग बांधला होता. गटाची म्होरकी मनुबाई. तिनं प्रतिष्ठानात फोन करून सांगितलं, आमच्या पोरींना हायस्कुलाला न्यायला-आणायला गाडीची सोय करा, बाकी आम्हाला काही नको. शाळा उघडायच्या आत हे झालं तर पोरी शिकणार, नाहीतर त्यांची दप्तरं धुऊन धाकट्या भावंडांना मिळणार.

सुविधा लगेच निघाली. कळवून निघाली, हीच पहिली चूक, पण ते तिला तेव्हा कसं कळावं? ऑफिसची गाडी लहान आणि वरचा रस्ता मुरमाचा, खड्ड्यांचा. म्हणून ती जांबोटीच्या स्टँडवर उतरली, तर समोर जीप उभी. चांगली धुतलेली, पुढं झेंडूची माळ, सीटवर नवी चादर. मनुबाई इरकल नेसून दारापाशी. मागच्या बाकांवर सातवी पास झालेल्या सगळ्या मुली दाटीवाटीनं बसलेल्या, वेण्या घट्ट, तोंडं मिटलेली. सुविधानं त्यांना काय काय विचारलं, पण एक पोरगी बोलेल तर शपथ. लाजताहेत, असं तिला वाटलं.

वाडीत तर थाटच होता. सारवलेली अंगणं, रांगोळ्या, पाहुणीला बसायला गादीची खुर्ची, चहा काचेच्या कपांतून. मनुबाई घरांची नावं सांगत हिंडवत होती. सुविधा बघत होती आणि मनात नोंदी करत होती. आणि मग त्याच जिपेनं, मागं त्याच मुली बसवून, तिला पुन्हा स्टँडवर आणून सोडलं, अगदी थाटात.

परतीच्या वाटेवर तिनं विचार केला तो असा. यांच्याकडं जीप आहे. आणि ज्या वाड्यांकडं बैलगाडीसुद्धा नाही अशा खानापूर भागात कितीतरी आहेत. निधी एक, मागणारे शंभर. मन घट्ट करायला हवं. दुसऱ्या दिवशी तिनं मनुबाईला फोन लावला आणि शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं, की यंदा जमणार नाही, तुमच्यापेक्षा जास्त नड असलेल्यांना आधी द्यावं लागेल. मनुबाई म्हणाली, “बरं बाई. तुमी आलासा ह्येच लई झालं.”

एवढंच. तक्रार नाही, गयावया नाही. सुविधाला वाटलं, बघा, किती समजूतदार माणसं.

आठवडाभरानं ऑफिसच्या जिन्यावर कुणीतरी धापा टाकत वर आलं. भरमा, त्या जिपेचा ड्रायव्हर. खांद्यावर हा एवढा फणस. तो त्यानं सुविधाच्या टेबलावर ठेवला तेव्हा टेबल कुरकुरलं आणि शेजारच्या कॉम्प्युटरवाल्यानं आपला चहाचा पेला वाचवला. कुंभेवाडीच्या बायकांनी पाठवलाय, पावणी फणस न खाताच गेली म्हणून सगळ्यांना चुटपुट लागली होती, असं तो म्हणाला. सुविधानं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सहज विचारलं, की शाळा उघडली की मुलींना तूच आणणार का?

भरमा हसायलाच लागला.

“म्या कशाला आणतो? माझी वडाप खानापूर लाईनला मान्सं भरून पळती, मॅडम. त्या दिवशी बायकांनी भाड्यानं घेतलती. पावण्या बाईला चालवत न्यायची व्हय, म्हणल्या.” मग त्याला आपली खरी तक्रार आठवली. “पर पोरी कशाला भरल्या ओ मागं? जन्मात गाडीत बसल्या न्हाईत. तुमी उतरून गेलासा आन् सगळ्यांनी माझ्या बाकावर ओकून ठेवलं. दोन दिवस वास गेला न्हाय.”

सुविधा फणसाकडं बघत राहिली. खुर्ची कुणाची, कप कुणाचे, ते विचारायची तिला आता गरजच वाटेना. कारण निपाणीला तिच्या घरी पाहुणे आले की कप-बशा शेजारून मागून आणायला कोण पळायचं? तीच. आई ताकीद द्यायची, मागच्या दारानं आण, दिसू देऊ नको. आणि आज तीच पोर पुढच्या दारानं गेली, मांडलेले कप बघितले आणि म्हणाली, वा, यांचं तर छान चाललंय. अर्ज नाही, समिती नाही, जे काय ते आपल्या डोळ्यांवर. आणि डोळे असे निघाले.

तिला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही दाबल्यामुळं तिला जोरात उचकी लागली. भरमानं न सांगता पाण्याचा तांब्या पुढं केला.

या वेळी तिनं कुणालाच कळवलं नाही. सकाळची बस धरून जांबोटी गाठली आणि वाडीची वाट चालायला लागली. जिपेतून जे अंतर भुर्रकन सरलं होतं, ते आता पायवाटेनं संपता संपेना. चढ, उतार, ओढ्यातले निसरडे दगड, पुन्हा चढ. मध्येच झाडीत काहीतरी खसफसलं आणि सुविधा, प्रतिष्ठानची जबाबदार अधिकारी, जागच्या जागी उभी राहिली. बाहेर आली ती म्हैस होती. तरीही पुढचा टप्पा ती जवळजवळ पळतच गेली. आणि पळताना तिच्या मनात आलं, की ही मे महिन्यातली लख्ख सकाळ आहे. जुलैतल्या संध्याकाळी बारा-तेरा वर्षांच्या पोरीनं इथं काय करायचं?

वाडीत पोचली तेव्हा केस विस्कटलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. अंगणात मनुबाई जुन्या लुगड्यावर काजू वाळत घालत होती. तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा असा पडला, जणू हिनं भर वाडीत तिची लाज काढली.

“चालत आलासा?” ती म्हणाली. “कळवायचं न्हाय व्हय? मान्सं काय म्हणतील आमाला?”

“तुम्ही मला का नाही सांगितलं, आक्का? जीप भाड्याची होती म्हणून?”

मनुबाईनं पदरानं हात पुसले. मग म्हणाली, “कसं सांगू? पैल्यांदा आलेल्या बाईला दारात उभं करून म्हणू, आमच्यात काय न्हाय? तुमी इच्यारलं असतंसा तर खोटं बोललो नसतो. तुमी इच्यारलंच न्हाईसा.”

सुविधा तिथंच काजूंच्या शेजारी जमिनीवर बसली. कुणीतरी तिला कळशीतलं पाणी दिलं, ते स्टीलच्या भांड्यातून, आणि ती ते घटाघटा प्यायली.

मग तिनं आप्पांना फोन लावायचं ठरवलं. वाडीत धड रेंज फक्त देवळामागच्या दगडावर. सुविधा त्या दगडावर चढली, खाली सगळी वाडी गोळा झाली. निधी तिचा, निर्णय तिचा, पण आपण ‘नाही’ म्हटलेलं आपणच फिरवायचं तर अध्यक्षांना आधी सांगावं असं तिला वाटलं. ज्या ट्रस्टींनी भुवया वर केल्या होत्या, त्यांना आता आयतंच मिळणार होतं. तिनं सगळं सांगितलं. झेंडूची माळ, गादीची खुर्ची, ओकाऱ्या, काहीच लपवलं नाही. माझ्या डोळ्यांनी मला फसवलं, असंही म्हणाली.

पलीकडून आप्पांच्या खोऽ खोऽ हसण्याचा आवाज आला.

“अगं, माझ्या बघण्याला आमच्या बानं शेजारच्या दोन म्हशी आणून दारात बांधलत्या. सासरा म्हशी बघूनच खूश. लगीन झालं, दुसऱ्या दिवशी तुझी काकू चरवी घेऊन गोठ्यात गेली, तर गोठा मोकळा. आजपातुर बोलून दाखवते.”

“मग काय करू, आप्पा?”

“मला काय इच्यारतीस? मन तुझं, निधी तुझा.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

सुविधा दगडावरून उतरली. निर्णय झाला होता, पण आता ती घाईत नव्हती. मागच्या वेळी ज्यांच्याशी नीट बोलणंच झालं नव्हतं, त्या मुलींना तिनं समोर बसवलं आणि विचारलं, की गाडी आली तर खरंच जाणार का? कुणी लाजलं नाही. सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. एकीला पुढची सीट हवी होती, एकीच्या आजोबांना लेकी-नातींनी जिपेतून गेलेलं चालणार नव्हतं, आणि मनुबाईनं मधेच तोंड घातलं की त्या म्हाताऱ्याचं आम्ही बघतो. ठरलं ते असं: भरमाची जीप वर्षभर शाळेच्या दोन्ही वेळांना वाडीत येणार, तिचं भाडं मनाच्या निधीतून, आणि मुलींबरोबर रोज वाडीतली एक बाई पाळीपाळीनं बसणार. ही शेवटची अट मनुबाईची. सुविधाला ती सुचली नव्हती.

भरमाला फोन गेला. त्यानं आधी बाकाला रेक्झिनचं कव्हर मागितलं, मग हो म्हणाला.

परत निघताना पुन्हा तीच पंचाईत. गाडी नव्हती आणि पावणीला एकटीनं चालत पाठवणं मनुबाईला पटत नव्हतं. शेवटी मुलीच म्हणाल्या, आम्ही सोडतो. चपलेच्या तुटक्या अंगठ्याला सुतळी बांधून सुविधा मधे, मुली पुढंमागं. तेजस्वी नावाची एक उंच पोरगी सगळ्यांच्या पुढं होती. ती मागं वळून उलटी चालत विचारत होती, हायस्कुलात विज्ञानाला वेगळी खोली असते म्हणे, तिथं आपण स्वतः हात लावायचा की नुसतं सरांनी करायचं?

“आपण हात लावायचा,” सुविधा म्हणाली.

“आमी पण? पैल्याच वर्षी?”

“पहिल्याच वर्षी. पण आता पुढं बघून चाल, ओढा आला.”

तेजस्वीनं ओढ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती टुणकन एका दगडावर, तिथून दुसऱ्यावर, आणि पलीकडच्या काठावरून तिचा पुढचा प्रश्न आला.